जोडी न लागलेल्यांची यादी

१९ जानेवारी १९९२, रविवार
सकाळच्या हिंगोली गाडीनं स्मि. गेली. संक्रांतीसाठी शाळेतून रजा काढून आली होती. आईनं तिळाच्या पोळ्या बांधून दिल्या. गाडी हलताना तिनं खिडकीतून हात बाहेर काढला, तर मी म्हणालो, "हात आत घे, कंडक्टर बोलेल." इतक्या दिवसांतलं माझं शेवटचं वाक्य हे! एवढा शहाणा मी.
हिंगोलीहून सेनगाव, आणि तिथून हिवरदरीपर्यंत पायी. अंधाराच्या आत पोचली असावी. कळणार कसं? गावात फोन नाही.
तिचा कंगवा आरशाच्या खिळ्यालाच राहिला.

२२ जाने., बुध.
सा.नी (साहेबांनी) बोलावलं. यंदा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या पती-पत्नी बदल्या संगणकावर करायच्या. नवरा जिल्ह्याच्या एका टोकाला, बायको दुसऱ्या टोकाला, अशांना एकत्र आणायचं. आजवर ज्याचा वशिला त्याची बायको जवळ, असं चालायचं. औरंगाबादेला जाऊन एस.क्यू.एल. ही संगणकाची भाषा शिकून आलेला हापिसात मी एकटा, म्हणून घोंगडं माझ्या गळ्यात. घोंगडं कसलं, मी तर मागून घेतलं असतं.
तक्ते तीन. शिक्षकांचा एक. कर्मचाऱ्यांचा एक, त्यात प्रत्येकाच्या बायकोचं नाव. तिसरा रिकाम्या जागांचा. मशीनला प्रश्न (त्याला क्वेरी म्हणतात) नीट विचारला की ते तिन्ही तक्ते ताडून जोड्या लावून देतं.
सा.समोर काही बोललो नाही. मनात मात्र पहिली जोडी आमची लावून बसलोय.

२८ जाने., मंगळ.
आज हसं झालं. क्वेरीत दोन तक्ते घेतले आणि कशाला कशाशी जुळवायचं ती ओळच लिहायची विसरलो. प्रिंटर कर्रकर्र करत थांबेचना. प्रत्येक बाईपुढे जिल्ह्यातला प्रत्येक पुरुष! र.भाई (रझाकभाई, डाटा भरतात, पंख्याखालीही मफलर) कागदाची घडी उचलून म्हणाले, "दिगंबरराव, तुमी तर सगळ्या जिल्ह्याचं एकमेकांशी लगीन लावून दिलं. आता काजी न् भटजी कुठून आणायचे?"
सा. हसले नाहीत. कागद महाग आहे म्हणाले. मग शेजारी बसून त्यांनी मला माझीच क्वेरी मोठ्यानं वाचायला लावली. वाचता येईना. एका ओळीत सगळं कोंबलेलं. त्यांचा नियम: एका ओळीत एकच अट. आणि 'नाव' असं नुसतं कधी लिहायचं नाही, कुठल्या तक्त्यातलं नाव ते आधी. शिक्षक-टिंब-नाव. कर्मचारी-टिंब-पत्नी. "तुम्ही उद्या नसाल, तर पुढच्याला कळलं पाहिजे कुणाबद्दल बोलताय."
पटलं. घरी येऊन आईशी बोलतानासुद्धा एका वाक्यात एकच गोष्ट सांगत होतो. ती म्हणाली, ताप आलाय का?

२ फेब्रु., रवि.
काही घडलं नाही. रविवार फार लांब असतो. स्मि. असली की वेणी घालता घालता पेपर मोठ्यानं वाचते, तोंडात पिन धरून, त्यामुळे अर्ध्या बातम्या कळत नाहीत. आज अख्खा पेपर स्वतः वाचला. सगळ्या बातम्या कळल्या. करायचं काय त्यांचं?

९ फेब्रु., रवि.
काल दुसरा शनिवार, ती यायची होती. विद्यापीठाच्या नावावरून मोर्चे, गाड्या दुपारपासून बंद. तरी स्टँडवर जाऊन बसलो. एक कंट्रोलर ओळखीचा झालाय. म्हणाला, "घरी जा मास्तर, आज काही येत नाही." मी मास्तर नाही. पण त्याला तसं वाटतंय तर वाटू दे.
पुढच्या वेळी मीच जाणार.

२४ फेब्रु., सोम.
काल हिवरदरीला जाऊन आलो. पहिल्यांदाच. जूनमध्ये तिची तिकडं बदली झाली तेव्हा सामान घेऊन तिचा भाऊ गेला होता, मला रजा मिळाली नव्हती.
सेनगावहून चालत गेलो. गावात शिरल्यावर पारावर दोघं-तिघं बसलेले. विचारलं, स्मिताबाई कुठं राहतात?
"अशी कोनी बाई न्हाई हितं."
म्हटलं, शाळेतल्या बाई.
"शाळेत एकच बाई हाय. शकुंतलाबाई."
मग एक म्हातारा मला निरखून म्हणाला, "तुमी शकुंतलाबाईचे मालक का? मंग तसं इचारा की."
पारावर सगळे हसले. मीही हसलो. मला काय ठाऊक नव्हतं? नोकरी तिची लग्नाआधीची, कागदोपत्री ती माहेरच्याच नावानं. मानवतची शकुंतला. पण लग्नात ताटभर तांदळात अंगठीनं मी 'स्मिता' लिहिलं, आईनं निवडलेलं, आणि तेव्हापासून जिभेला तेच वळण. शकुंतला हे नाव मी तोंडानं एकदाही घेतलेलं नाही. परतीच्या गाडीत बसल्यावर हे लक्षात आलं.
पुढं गेलो तर ती ओट्यावर बसलेली, भोवती पोरी. रविवार असून. पोरींच्या आयासुद्धा बसल्या होत्या. एक बाई दुधाचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "शकुंतलाबाई, पावण्याला च्या करा." इतकी मोकळी हसताना मी तिला परभणीत पाहिलेलं नाही. बरं वाटलं. आणि बरं वाटलं नाही.
निघताना पांदीपर्यंत सोडायला आली. म्हणाली, आता तुमी वाट बघितली, परत येताल.

६ मार्च, शुक्र.
क्वेरी झाली. सा.च्या नियमानं, एका ओळीत एक अट, प्रत्येक नावाआधी तक्ता. देखणी झाली आहे, नजर लागावी अशी. बरोबर चालते का ते तपासायला उत्तर माहीत असलेलं उदाहरण घ्यायचं असतं. मी स्वतःला घेतलं. माझ्या क्रमांकानं विचारलं: याची बायको कुठं आहे?
मशीन म्हणालं, एकही नोंद नाही.
परत चालवलं. नाही.
मग दिसलं. माझ्या नोंदीत पत्नी: स्मिता, पुढं माझं नाव, आमचं आडनाव. शिक्षकांच्या तक्त्यात: शकुंतला, पुढं तिच्या वडिलांचं नाव, त्यांचं आडनाव. नावातला एकही शब्द जुळत नाही. हिवरदरीच्या पारावर झालं तेच. अशी कोनी बाई न्हाई हितं.
आणि मी एकटा थोडाच? या जिल्ह्यात लग्नात नाव बदललं नाही अशी बाई शोधून दाखवा. नोकरी लग्नाआधी लागली की बाई एका तक्त्यात एक, दुसऱ्यात दुसरी. ज्यांची नोकरी लग्नानंतरची, तेवढ्याच जोड्या लागल्या. बाकी सगळ्या गळाल्या. मशीन बोंब मारत नाही. जे जुळत नाही ते गुपचूप सोडून देतं, आणि यादी दिसते पूर्ण.
सा. घरी गेले होते. सोमवारी सांगतो.

९ मार्च, सोम.
सा.नी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, नावावर जोडी लावायचीच नाही. क्रमांकावर लावायची. प्रत्येकाला सेवा क्रमांक आहे, तो लग्नात बदलत नाही. (र.भाई: "तेवढंच एक बदलत न्हाई.")
पण कोणता क्रमांक कोणाचा जोडीदार, हे कुठंच लिहिलेलं नाही. म्हणून चौथा तक्ता. जोडप्यांचा. नवऱ्याचा क्रमांक, बायकोचा क्रमांक, बस्स. तो भरायचा दोघांच्या अर्जावरून, आणि अर्जावर दोघांच्या सह्या हव्यात. एकाची असून चालणार नाही. मागं एका बाईची बदली तिला न विचारता नवऱ्यानं करून घेतली होती, त्याची तक्रार वरपर्यंत गेली होती म्हणे.
चांगला नियम. मीच सा.ना म्हणालो, चांगला नियम.
घरी येताना पायात बळ होतं. सहीच तर हवी.

२० मार्च, शुक्र.
अर्ज पोस्टानं धाडला. माझी सही करून. तिनं कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुली. सोबत चार ओळी लिहिल्या. घरात तिच्यावाचून काय होतं ते लिहायचं होतं, पण पोस्टमन पत्र गावात वाचून दाखवतो असं ती म्हणाली होती. म्हणून हवापाण्याचं लिहिलं.

५ एप्रिल, रवि.
काल पाडवा. परवा संध्याकाळी आली, आत्ता गेली. गुढीची साखरगाठी पोरींसाठी बांधून घेतली.
अर्ज पिशवीत होता. फुलीच्या जागी फुलीच.
विचारणार नव्हतो. विचारलं. आई देवळात गेली होती. स्मि. भांडी पुसत होती, पुसतच राहिली. म्हणाली, चौथीतल्या पोरी पाचवीला सेनगावला जायला तयार झाल्यात, आया कशाबशा राजी केल्यात. मी हलले की आया दारं लावून घेतील. मी म्हणालो, दुसरी बाई येईल. ती म्हणाली, तिकडं कुणी येत नाही, यायचं म्हणून बी येत नाही.
मग भांडं खाली ठेवलं. "तुमाला वाटतंय मला यायचं नाही. मला लय वाटतंय यावं. रातीला तर लयच. पण मी आले तर कोणत्या नावानं येऊ?"
मला कळलं नाही, असं म्हणणं सोपं आहे. कळलं होतं. तेवढ्यात आई आली, "स्मिता, दिवा लाव गं" म्हणाली, आणि ती उठून दिवा लावायला गेली.

१५ एप्रिल, बुध.
अर्ज येतायत. टपालात रोज गठ्ठा. दोन-दोन सह्या, एक वळणदार आणि एक घाईची. र.भाई क्रमांक भरतात, मी ताडतो. पाथरीचा एक जण स्वतः अर्ज घेऊन आला, बरोबर बायको. दोघं चपला बाहेर काढून मशीनला नमस्कार करून गेले. मला हसू यायला हवं होतं. मला त्यांचा हेवा वाटला.
खिडकीतून स्टँडवरचा भोंगा ऐकू येतो. 'हिंगोली' म्हटलं की हात थांबतो. दिवसातून किती वेळा ओरडतात ते.

२२ एप्रिल, बुध.
र.भाई म्हणाले, "दिगंबरराव, एक ओळ तुमीच भरा की. कोन बघायलंय? सही मागाहून घ्या. आपल्याच घरची बाई हाय." भल्यासाठीच म्हणत होते.
ते जेवायला गेले. मी चौथ्या तक्त्यात एक ओळ भरली. माझा क्रमांक, तिचा क्रमांक. क्वेरी चालवली.
आली. पडद्यावर एकच ओळ. दिगंबर, शकुंतला, आणि शेवटच्या रकान्यात रिकामी जागा: पोखर्णी.
पोखर्णी! परभणीतून गाडीनं सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. नरसिंहाच्या देवळाजवळची शाळा. आमचं कुलदैवतच ते. आई तर पेढे वाटेल.
ती ओळ पाहत बसलो. हिरवी अक्षरं. ती संध्याकाळी गाडीतून उतरलीय, पिशवीत वांगी आणलीत, ओट्यावर पाय पुसतेय, इथपर्यंत जाऊन आलो. बाहेर र.भाईंच्या चपलांचा आवाज आला.
ओळ पुसली. परत चालवली. एकही नोंद नाही.
र.भाईंनी चहा मागवला आणि पैसे मला देऊ दिले नाहीत.

४ मे, सोम.
सुट्टी लागली. शुक्रवारपासून ती घरी. लिहायला सवड नाही. बरं आहे.

१५ मे, शुक्र.
नरसिंह जयंती. तिघं पोखर्णीला. गर्दी, ऊन. दर्शनानंतर आई सावलीला टेकली. आम्ही शाळेकडं गेलो. कुलूप होतं. ती खिडकीच्या गजांना धरून आत पाहत होती, मी तिच्याकडं. पोखर्णीत जागा आहे हे तिला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सहीसाठी आणलं असं वाटलं असतं. (त्यासाठीच आणलं होतं.)
म्हणाली, फळा चांगला आहे.
मग पायरीवर बसलो. मी विचारलं, नाव बदललं तेव्हा वाईट वाटलं होतं का तुला? चार वर्षांनी विचारतोय. तिनं जरा आठवून पाहिलं. "तेव्हा सगळ्यांचं बदलतात, माझं बी बदललं. तुमी लिहिलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी त्या ताटातल्या तांदळाचा भात केला, तो मी जेवले. मग म्हणलं झालं, संपलं." आणि मग म्हणाली, "तिकडं गेल्यावर पोरी हाका मारायला लागल्या, तेव्हा कळलं की मी अजून हाय."
मी त्या पायरीवर बसून एवढा वेळ काय करत होतो ते आठवत नाही. तिनं माझ्या शर्टावरचा बुक्का झटकला, एवढं आठवतं.

२८ मे, गुरु.
अर्जाची मुदत २० जूनपर्यंत वाढली. सुट्टीमुळं लोक गावी आहेत.
आज एक काम केलं. आस्थापनेत अर्ज दिला: माझ्या नोंदीत पत्नीचे नाव 'स्मिता' आहे, ते 'शकुंतला' असे दुरुस्त व्हावे. तिथला बाबू चष्मा वर करून म्हणाला, लोक बायकोचं नाव बदलून घेतात, तुमी परत कामून बदलायलाव? म्हटलं, तिच्या तक्त्यात जे आहे तेच माझ्या तक्त्यात हवं. दोन ठिकाणी दोन लिहिलं की माणूस सापडत नाही.
त्याला ते संगणकाचं काहीतरी वाटलं. शिक्का मारला.
बदलीशी याचा काही संबंध नाही. जोडी क्रमांकावर लागते. मला माहीत आहे.
आईला सांगितलं. जेवली नाही. नाव बदलतं तेव्हा नशीब बदलतं, तू उलटं फिरवतोस, म्हणाली. रात्री उशिरा मात्र स्वतःशीच पुटपुटताना ऐकलं, माझं बी द्वारका व्हतं. मला हे माहीत नव्हतं. आईला मी जन्मभर आई म्हणतोय, आणि रेशनकार्डावर ती लक्ष्मीबाई.
तिला, म्हणजे शकुंतलाला, अजून सांगितलं नाही. या वहीत मात्र आता असंच लिहीन.

१४ जून, रवि.
उद्या शाळा. उद्याच वटपौर्णिमा. थांब म्हणालो नाही. आई म्हणाली, वडाची पूजा करून जा. ती म्हणाली, तिकडं बी वड आहे.
स्टँडवर लवकर गेलो. अर्ज तिच्या पिशवीत होता, मीच पाहिला, कांद्याखाली. गाडीत खिडकी मिळाली. कंट्रोलरनं भोंग्यावर हिंगोली म्हटलं. गाडी सुरू झाली, ती पुढं बघत होती, आणि मी हाक मारली. "शकुंतला."
वळली. लगेच. जशी काही मी रोज अशीच हाक मारतो. "काय?"
बोलायचं काहीच ठरवलं नव्हतं. नोंदीचं सांगायचं राहिलं, पोखर्णीच्या जागेचं राहिलं. गाडी हलली. तिनं हात बाहेर काढला. या वेळी मी आत घे म्हणालो नाही. धरला. फलाट संपेपर्यंत बरोबर चाललो, लोक बघत होते. डोळे भरले होते, तिचे आणि माझेही. मग हात सुटला.

१७ जून, बुध.
टपालात नाही.

१९ जून, शुक्र.
टपालात नाही. उद्या शेवटचा दिवस. उद्या शेवटची क्वेरी चालवून यादी सहीला जायची.
सा.नी विचारलं, तुमचा अर्ज? म्हटलं, एक सही व्हायची आहे. होईल? म्हटलं, सांगता येत नाही. त्यांची बायको वारून बरीच वर्षं झाली असं र.भाई म्हणतात.
आज दुसरी क्वेरी लिहिली. पहिलीत जोडी लागलेले येतात. दुसरीत जोडी न लागलेले, ज्यांचा जोडीदार चौथ्या तक्त्यात नाही. कुणी मागितली नव्हती. पण मार्चसारख्या बायका गुपचूप गळून जायला नकोत. एका ओळीत एक अट. प्रत्येक नावाआधी तक्ता. उद्या मी नसलो तरी कुणालाही वाचता येईल. सा.नी वाचली, मान हलवली, म्हणाले दोन्ही याद्या पाठवू.
म्हणजे उद्या ती कुठल्या तरी एका यादीत असणार. पहिलीत आली तर पोखर्णी. दुसरीत आली तर हिवरदरी, तिच्या पोरींजवळ, आणि मी इथं. दोन्हीकडं नाव शकुंतलाच. मला कोणती यादी हवी ते मशीनला माहीत नाही, तिला माहीत आहे. फार हवी आहे.
जेवताना आईनं विचारलं, शकुंतला कधी येनार? पहिल्यांदाच. विचारून लगेच ताटाकडं पाहायला लागली.
र.भाईंना सांगून ठेवलंय, उद्या मशीन मी येईपर्यंत सुरू करू नका. मी आधी स्टँडवर जाणार. हिंगोलीकडची पहिली गाडी येऊ दे, मग बघू.